पडलेला गुण्या

…आणि टेबलाच्या चौथ्या पायाखाली कागदाची घडी सरकवून तो उठला, तेव्हा कुठे अक्षर सरळ येऊ लागले. वरच्या दोन ओळी त्यापायी खोडल्या आहेत. "फिटरच्या घरात टेबल डुगडुगतंय," असे तो म्हणाला. तो म्हणजे प्रशिक्षण केंद्रात माझ्या शेजारी विजेचा वर्ग घेणारा माझा मित्र. त्याला सगळे शॉक म्हणतात. आज तो साक्षीदार आहे.

मी निवृत्त फिटर मास्तर, वय त्र्याहत्तर. गुडघे कामातून गेले आहेत, डोके गेलेले नाही. हे मी कोणाच्या धाकाने लिहीत नाही. मला धाक घालणारी एकच होती, तिला जाऊन सहा वर्षे झाली. याआधी मृत्युपत्र केलेले नाही. पुन्हा करण्याचा कंटाळा आहे, म्हणून हेच शेवटचे धरावे.

कलम एक. राहते घर मोठ्या मुलाला. स्वयंपाकघरातला नळ त्याने स्वतः दुरुस्त करू नये, प्लंबर बोलवावा. देवाने त्याला हात फरशा विकण्यासाठी दिले आहेत.

कलम दोन. हिचे शिलाई मशीन सुनेला. ती नको म्हणेल, कारण तिला शिवता येत नाही. पण सहा वर्षे दर महिन्याला त्याला तेल तीच घालते. मी पाहिले आहे.

कलम तीन. शॉकला काहीही नाही. साक्षीदाराला काही ठेवू नये असे वकीलबाई म्हणाल्या. ऐकून बरे वाटले. माझी पक्कड अठरा वर्षांपूर्वी त्याने नेली आहे, ती त्याच्याकडेच असू द्यावी.

कलम चार. मागची पत्र्याची शेड, लोखंड घट्ट धरणारे बारा व्हाइस, बेंच आणि सगळ्या कानशी धाकट्या मुलीला. याला अट नाही. मात्र ती नाही म्हणाली तर शेड मोठ्याला जाईल आणि तिचे फरशांचे गोदाम होईल.

ती नाही म्हणेल असे दिसते, म्हणून थोडे लांबण लावतो.

केंद्राने जुने बेंच मोडीत काढले तेव्हा मी ते उचलून आणले. निवृत्तीनंतर याच शेडमध्ये मुलामुलींना कानस धरायला शिकवले. त्यातले कोणी लिफ्ट दुरुस्त करते, कोणी कुलपे उघडते, अर्थात परवानगीने. दोन वर्षांपूर्वी गुडघ्यांनी संप केला आणि शेड बंद पडली. ती चालवील तर धाकटीच. बाटल्यांच्या कारखान्यातली सगळी यंत्रे तिच्या हाताखाली आहेत आणि नव्या पोरांना ती माझ्यापेक्षा चांगले शिकवते. पण शेडमध्ये पाय ठेवत नाही. म्हणते, "ज्या बेंचवर नापास झाले, तिथं मी मास्तरीण होऊ? लोक हसतील, बाबा."

तिला नापास मी केले. बावीस वर्षे झाली. परीक्षेला लोखंडाचा ठोकळा घासायचा होता, तळाशी चारही बाजू काटकोनात. एक बाजू चुकली तर माफ, दोन चुकल्या तर नापास. बाकीच्यांचे ठोकळे केंद्राच्या गुण्याने, म्हणजे काटकोन तपासायच्या पट्टीने, तपासले. तिचा मात्र माझ्या उस्तादांनी मला दिलेल्या गुण्याने तपासला. मास्तराने घरच्या पोरीला सूट दिली असे कोणी म्हणायला नको होते. ठोकळा गुण्याला लावून खिडकीशी धरला. तीन बाजूंच्या फटीतून उजेड आला, म्हणजे तीन चुकल्या.

"बाबा, परत बघा ना."

"मास्तर म्हण," मी म्हणालो.

तिने दुसऱ्या केंद्रात ते वर्ष पुन्हा केले आणि पहिली आली. तो ठोकळा आजही तिच्या घरी दार आपटू नये म्हणून ठेवलेला असतो. मी गेलो की आधी तोच दिसतो. मुद्दाम ठेवला आहे.

गेल्या आठवड्यात या कागदासाठी अवजारांची यादी करताना उस्तादांचा गुण्या पेटीतून निघाला. पत्र्याच्या कडेला लावून रेघ मारायची, गुण्या उलटा करून त्याच जागी दुसरी मारायची. दोन्ही एकावर एक बसल्या तर गुण्या खरा. प्रत्येक वर्गाला पहिल्या दिवशी मी हेच शिकवले. ही कसोटी या गुण्याला कधी लावून पाहिली नव्हती. उस्तादांचा होता.

रेघा फाकल्या.

इथवर शॉकने माझ्या खांद्यावरून वाचले आणि तो खुर्चीत बसला.

"तो मी पाडला होता."

"कधी?"

"परीक्षेच्या आदल्या दिवशी. बल्ब बदलायला तुझ्या टेबलावर चढलो होतो. पुसून होता तिथं ठेवला."

"आणि बोलला नाहीस?"

"तू मला जिवंत सोडलं असतंस? आणि मला काय माहीत, लोखंड पडून बिघडतं! आमची वायर पडली तर पडली."

साक्षीदार बदलावा असे मनात आले. पण दुपारी कोपऱ्यावरचा शिंपी एकटाच मोकळा आहे आणि साक्षीदार दोन लागतात. शिवाय पाडले त्याने, तपासले नाही मी. मोठी चूक कोणाची ते मला कळते.

म्हणून लिहून ठेवतो: तो निकाल मी मागे घेतला आहे. काल नवा गुण्या आणला. ठोकळा पुन्हा तपासावा. पडलेला गुण्या कोणाला वापरायला देऊ नये. शेडच्या भिंतीवर टांगावा आणि खाली लिहावे, "आधी मला तपासा."

मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचतात. कलम चारची नक्कल मात्र आजच मोठ्याच्या हाती तिच्याकडे पाठवतो आहे. गेल्यावर माफी मागितली तर उत्तर ऐकायला मी नसेन.

हे सर्व मी वाचून, समजून, दोघांच्या समोर सही केली.

फिटर मास्तर (सही)

साक्षीदार पहिला: शॉक (सही. "पक्कड परत देणार आहे.")

साक्षीदार दुसरा: कोपऱ्यावरचा शिंपी (सही)

ठिकाण: राहत्या घराचे स्वयंपाकघर

दिनांक: नऊ मार्च, दुपार

दहा मार्च, सकाळ. धाकटी सातला आली. पिशवीतून ठोकळा काढून त्याचा गंज पुसला. नवा गुण्या आधी स्वतः रेघा मारून तपासला, मग माझ्या हातात दिला. "बघा, मास्तर." ज्या तीन बाजू मी चुकीच्या ठरवल्या होत्या त्या खऱ्या निघाल्या. जी एक बरोबर धरली होती, ती पडलेल्या गुण्याइतकीच वाकडी होती; तिथून उजेड आला. एक बाजू माफ असते, असे मी म्हणालो. "माफ कशाला?" म्हणून तिने शेडची किल्ली मागितली. साडेआठपर्यंत ती बाजू सरळ झाली. किल्ली तिने परत दिलेली नाही.