कोळी यायच्या आधी

नाना,

नोकरी सोडून मी शेती करते आहे, तीही स्ट्रॉबेरीची, हे ऐकून तुम्ही आधी हसला असतात आणि मग त्यात काय काय बिघडेल ते बोटांवर मोजून दाखवलं असतंत. बरुआसागरच्या तलावापलीकडे अर्धा एकर शेत खंडाने घेतलं आहे. या हंगामात फळ आलं तर जमीन ठेवायची, नाही तर होळीला मालकाला परत करायची, असं ठरलं होतं. घर मात्र शहरातलं, आपलं नगऱ्यातलंच आहे. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली. मी आता पन्नाशीला आले, आणि तुम्हाला लिहावं असं पहिल्यांदाच वाटलं. हे कुठे पाठवायचं नाही म्हणून लिहायला सोपं जातंय.

स्ट्रॉबेरीचा खरा वैरी कोळी, जाळ्यातला नव्हे, पिकावरचा बारीक किडा. पानाच्या खालच्या अंगाला बसतो, डोळ्यांना धड दिसतही नाही, रस शोषतो आणि पान तांबूस पडून वाळतं. तुम्ही कारखान्यात ओतीव लोखंडातल्या चिरा ज्या भिंगातून बघायचात, ते दहावीला मला दिलं होतंत. त्यातूनच मी पानं उलटी करून बघते. विषारी औषधं मारून फार उपयोग होत नाही. कोळी त्यांना सरावतो, आणि त्याला खाणारे भले किडे तेवढे मरतात. म्हणून कृषी केंद्रातल्या मॅडमनी वेगळंच औषध सांगितलं. ते कोळ्याला मारत नाही. झाडाला नुसतं भासवतं, की कोणीतरी तुला चावतंय. मग झाड स्वतःच पानं राठ करतं, रस कडू करतं, आणि खरा कोळी आला की त्याला तिथलं जेवण रुचत नाही. कोळी यायच्या आधी, हंगामात फक्त दोनदा द्यायचं, असं त्यांनी बजावलं. हे ऐकताना मला तुम्ही आठवलात आणि पुढचं मी नीट ऐकलंच नाही.

कारण तुमचीही पद्धत हीच होती. लोक निकाल लागल्यावर रागावतात, तुम्ही आधी रागावून घ्यायचात. आठवीतल्या वक्तृत्व स्पर्धेची सकाळ आहे. तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसून पोहे खाताय, आई ओट्याशी पाठमोरी, मी रिबिनी बांधून दारात उभी. परीक्षक काय काय म्हणतील ते तुम्ही एकेक करून सांगताय. आवाज बारीक आहे, हिंदीचे उच्चार मराठी आहेत, हात लोंबकळतात. पोहे संपतात तरी यादी संपत नाही. मग हात धुता धुता म्हणता, "आत्ताच ऐकून घे. म्हणजे बाहेरच्यानं म्हटलं तर लागणार नाही." दतिया गेटजवळच्या शाळेत स्पर्धा झाली. नंबर आला नाही, आणि कोणी काही बोललंही नाही. संध्याकाळी तुम्ही विचारलंत, लागलं का गं? मी नाही म्हटलं. तुम्ही इतके खूश झालात की सायकल काढून तिळगुळाची गजक घेऊन आलात. खरंच लागलं नव्हतं. तेरा वर्षांच्या पोरीला इतकं न लागणं बरं नव्हे, हे तेव्हा तुम्हालाही कळलं नाही आणि मलाही.

तर मी शेवटी तुमचीच मुलगी. दोनदा द्यायचं औषध मी दर आठवड्याला दिलं. नोव्हेंबर, डिसेंबर, सबंध जानेवारी. कोळी फिरकला नाही. पानं अशी राठ आणि हिरवी, की रस्त्याने जाणारे थांबून बघायचे. शेतावर माझ्याबरोबर एक काकी काम करते, जन्म बरुआसागरातच गेलेला. ती एक दिवस सगळ्या सरींतून वाकून फिरली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बिन्नू, पत्ता तौ नोने हैं, पै फूल एकऊ नइयां." पोरी, पानं छान आहेत, पण फूल एकही नाही. मी मॅडमना बोलावलं. त्या रागावल्या नाहीत. "दीदी, रोज़ डराओगी तो पौधा लड़ता ही रहेगा. फलेगा कब?" एवढंच म्हणाल्या. अति तिथे माती, हे मला लहानपणापासून पाठ होतं. मी फवारणीचा पंप धुऊन उलटा घालून ठेवला.

औषध थांबल्यावर फेब्रुवारीत कोळी आला आणि फूलही आलं, दोन्ही एकाच आठवड्यात. काकी आणि मी रोज सकाळी किडकी पानं खुडून पोत्यात भरतो. एक सरी पार गेली. बाकीच्या झाडांना फळ धरलं, उशिरा आणि थोडंच. काल मालक विचारायला आला तेव्हा मी जमीन ठेवते म्हणून सांगितलं. काकीला आनंद झाला, तिने पिकलेलं एक फळ खुडून माझ्या तळहातावर ठेवलं. मी खाल्लं. गोड होतं. गोड आहे हे कळलं, त्यापुढे आत काही हललं नाही. बांधावर बसल्या बसल्या मनात आलं, या झाडांचा फवारा तीन महिन्यांनी तरी थांबला. माझा तुम्ही चालू केलात, पण तुमच्यामागे इतकी वर्षं तो मीच मारत आले.

एक सांगायचं राहिलं आहे. तुम्ही गेलात तेव्हा सगळे म्हणाले, पोर किती खंबीर, डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. मी रडू आवरलं नव्हतं, नाना. ते आलंच नाही. तुम्ही अंथरूण धरलंत त्या दिवसापासून मी रोज सकाळी आंघोळ करताना स्वतःला सांगायचे, नाना गेले, नाना गेले. म्हणजे नंतर लागणार नाही. आणि तेव्हा तुम्ही पलीकडच्या खोलीतून चहासाठी हाक मारत असायचात.