फिलाडेल्फियाच्या तटावर

१० सप्टेंबर १३९०

सुलतानाचा माणूस आज पुन्हा वेशीशी आला. चक्क आपल्या भाषेत ओरडला — "दारं उघडा, कुणाच्या केसालाही धक्का लागणार नाही!" माझा नवरा निकिफोर बुरुजावर होता. कातडी कमावणारा साधा माणूस, पण सगळ्यांआधी तोच बोलला म्हणे — "हे शहर सम्राटांचं आहे. जा, दुसरं दार बघ!" सगळा तट हसला.

घरी आल्यावर मात्र त्याने दाराला दोन्ही अडसर घातले. चहूकडचा मुलूख कधीच तुर्कांचा झालाय. मधे आम्हीच तेवढे रोमी, सम्राटांची ख्रिस्ती प्रजा, उरलोय; राजधानी राहिली दूर समुद्रापलीकडे.

१४ सप्टेंबर

क्रुसाचा सण. पाद्रीबाबांनी रिवाजाप्रमाणे क्रुसापुढच्या तुळशीच्या काड्या वाटल्या. सासूबाईंनी देवळातच चावून खाल्ल्या! मी डोळे वटारले तर म्हणाल्या, "देव रागावणार नाही, आपली भूक त्याला दिसतेय."

२२ सप्टेंबर

वेढा घालणारे आमच्या शेतात नांगर धरतायत. कांदा लावतायत. घाई नाही, आरडाओरडा नाही. संध्याकाळी गातात. बाण मारत होते तेव्हा एवढी भीती वाटली नव्हती.

३० सप्टेंबर

शेजारची स्तामाता पहाटे चोरदरवाजातून निघून गेली, पोरांना घेऊन. काल म्हणत होती, "चल गं तूही. पोटातल्याचा तरी विचार कर." मी म्हटलं, सम्राट येतील. तशी हसली. "त्यांना ठाऊक तरी आहे का, आपण अजून जिवंत आहोत ते?"

मी रागाने दार लावून घेतलं. निरोप तरी घ्यायला हवा होता.

५ ऑक्टोबर

कारखान्यातलं शेवटचं कातडं उकळून खाल्लं. कमावताना लावलेल्या चुन्याचा वास जात नाही. बाळ आज हललं नाही.

६ ऑक्टोबर

हललं!

११ ऑक्टोबर

सम्राट आले! खरंच आले!

दुपारी पश्चिमेला धूळ उठली. निकिफोर धावत घरी आला, मला दंडाला धरून तटावर नेलं. दोन डोक्यांचा गरुड — आपलं निशाण! घंटा थांबेनात. अनोळखी माणसं एकमेकांच्या गळ्यात पडत होती. सासूबाईंनी लपवलेले हरभरे काढले (आमच्यापासून लपवले होते!) आणि स्वतःच्या लग्नातली ओढणी घेतली. निकिफोर माझ्या पोटाशी वाकून म्हणाला, "ऐकलंस का रे? राजधानीहून आलेत, तुझ्यासाठी!"

एकच कळेना. तुर्क जागचे हलले नाहीत. गात होते.

१२ ऑक्टोबर

सम्राटांचा तंबू सुलतानाच्या तंबूला लागून ठोकलाय. त्याचे मांडलिक म्हणून, त्याच्याच हुकमाने आलेत म्हणे. सकाळी शिड्या घेऊन तटाकडे निघाले ते आपलेच शिपाई, आपलीच प्रार्थना म्हणत.

निकिफोर आत्ता घरी आला. भाला बुरुजावरच ठेवून आलाय.

"कुणावर उगारू?" म्हणाला.