दाराकडे तोंड असलेली खुर्ची

ता. ३ जुलै

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तू विणलेले मोजे मिळाले. एक मला होतो, दुसऱ्यात मी अख्खी मावेन. पण उबदार आहेत.

बातमी बरी नाही. शेवटच्या वर्षाची फी फार वाढली आहे. घरी सांगितलं तर आई शिवणयंत्र विकायला काढेल, म्हणून बोलले नाही. वाचा-उपचाराचं शिक्षण सोडून कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानात लागावं म्हणते. रागावू नकोस.

तुझी,
बडबडी


ता. १० जुलै

चि. बडबडीस,
अ. उ. आ.

तुला बोलणं जिवावर येई, म्हणून मीच चिडवायला हे नाव ठेवलं. आता त्याला जाग. दुसऱ्यांना बोलतं करायला शिकतेस आणि स्वतःच्या वेळी तोंडाला कुलूप?

विद्यापीठात विद्यार्थ्यांना सल्ला देणारी खोली असते म्हणे. तिथे जा. कॉन्व्हेंट शाळेत आमच्या सिस्टर सांगायच्या तशी दाराकडे तोंड करून ताठ बस, येणाऱ्याकडे हसून बघ आणि मग काय ते सांग. दुकानाचं नाव पुन्हा काढलंस तर मोजे परत घेईन.

माया आहेच, ती वसूल करायला सुट्टीत ये.

मावशी


ता. २२ जुलै

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझ्या सिस्टरांनी माझी चांगलीच फजिती केली. खोलीत कोणी नव्हतं. दाराकडे तोंड असलेली एकच खुर्ची होती, तीत ताठ बसले. ती निघाली सल्लागारबाईंची. एक मुलगी आली, मी हसले, तर ती समोर बसून रडायलाच लागली. फी, घरचे, पुढे नोकरी मिळेल का, सगळं सांगत सुटली. मी त्या नव्हेच, हे सांगेपर्यंत मागे आणखी दोघं उभे. मी आपली ऐकत राहिले. मान वर केली तर दारात चहाचा कप घेऊन बाई, कधीपासून कोण जाणे.

त्या समोरच्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, आता तुझं सांग. मावशी, मी सांगितलं. वाढीव फी नव्यांना आहे. आधीपासून शिकणाऱ्यांनी अर्ज केला तर जुनीच राहते. तो त्यांनी तिथेच भरून घेतला. वर विचारलं, दुपारी इथे पगारावर बसशील का? मुलं आपल्या वयाच्या माणसाशी मोकळं बोलतात म्हणे. दुकानाचा विषय संपला. मोजे माझेच.

तुझी,
बडबडी


ता. ५ ऑगस्ट

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

शेवटचं वर्ष पार पडलं. सल्लागारबाईंनी नोकरीच्या मुलाखतीची इतकी तालीम करून घेतली, की खऱ्या मुलाखतीत मला थांबवावं लागलं. रुग्णालयात लागले त्याला महिना झाला. आईने त्याच शिवणयंत्रावर कामाचे कपडे शिवून दिले.

मला स्वतःची छोटी खोली आहे. आजारपणात बोलणं गेलेले एक गवंडीकाका येतात. दाराकडे तोंड असलेली खुर्ची मी त्यांना देते. काल त्यांना न्यायला बायको आली. काका ताठ झाले, हसले आणि त्यांनी तिला हाक मारली. अर्धीच आली, पण तिला पुरली. ती आत यायचं विसरून दारातच उभी राहिली.

तुझ्या सिस्टरांना हे कळायला हवं होतं. सुट्टीत येतेय. ऐकायची तयारी ठेव, खूप बोलायचं आहे.

तुझी,
खरीखुरी बडबडी