पाठमोऱ्या टाळ्या

बरकतपुरा, रविवार

चि. त्रिवेणीस,

लहानपणी कविता घोकताना तू प्रत्येक ओळीला टाळी वाजवायचीस, तो आवाज आज फार आठवला. टीव्हीवर तुमच्या हवाई ढालीची चाचणी दाखवली. लांबचं लक्ष्य क्षेपणास्त्रांच्या एका थराने पाडलं, निसटलेलं दुसऱ्याने. शास्त्रज्ञ टाळ्या वाजवत होते, पण सगळे पाठमोरे. त्यांत तुला शोधत बसलो.

चाचणीला गेलीस की फोन फाटकावर जमा, पत्ताही सांगायचा नाही. म्हणून हे पत्र टाकणार नाही. तू बरी आहेस ना, एवढंच कळायला हवं होतं.

थांब, बेल वाजली.

वरच्या मजल्यावरचे हिम्मतराव! टाकीच्या पाण्यावरून वर्षभर अबोला होता. दारातूनच म्हणाले, "मास्तर, तेलुगू बातम्यांत तुमची पोरगी हसताना दिसली ना! पुन्हा दाखवायलेत. चला वर, नखरे नक्को!"

निघालो गं.

तुझा,
बाबा