पिंडातली अंगठी

ती. आईस, लीड्सहून अक्षयाचा वाकून नमस्कार.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. तुझा गुडघा कसा आहे?

काल ऑफिसातल्या दियाने तिची दहा मिनिटांची कॉमेडी फिल्म दाखवली. प्रेयसी सोडून गेलेला माणूस पार्कात आपल्या प्रेमाचा दहावा करतो. पेपर प्लेटवर भाताचा पिंड, आत तिने परत दिलेली अंगठी. कावळा शिवतो आणि अंगठी घशात अडकून मरतो. सगळा हॉल खो खो हसत होता. याला म्हणे डार्क ह्यूमर म्हणतात. मला शिसारी आली.

त्याहून जास्त किळस माझीच आली. बाबांच्या पिंडाला कावळा तासभर शिवला नव्हता, हे मीच तिला लंचला सँडविच खाता खाता सांगितलं होतं. तू हात जोडून म्हणालीस, "अक्षयाचं सुश्रुतशी लग्न नीट लावून देईन," तेव्हा कुठे तो शिवला.

अंगठीचंही मीच सांगितलं होतं. सुश्रुतने साखरपुड्याची अंगठी मार्चमध्येच परत दिली. दियाला सांगितलं, तुला नाही.

बाबांना आता तूच सांग.

तुझी अक्षया