सुजूचं नॅट

९ जाने. ९४, रवि. कल्याण.
खिडकीजवळचं टेबल सुजूने बळकावलंय. ६५च्या लढाईतलं नॅट विमान करतेय, खऱ्याच्या चोविसाव्या हिश्शाएवढं. पुरं झालं की सव्वा फूट. बाल्साचं लाकूड, ब्लेडने कापून. म्हटलं, 'बी.एस्सी. झालीस आणि खेळणी काय करतेस?' म्हणाली, 'बाबा, हवाई दलात आता मुलींना घेतात. पण हेलिकॉप्टर नाहीतर मालवाहू. फायटर देत नाहीत. म्हटलं, हातांनी तरी करून बघू.'
अर्ज केलाय हे मला असं कळलं. सौ.ला आधीपासून ठाऊक.

१५ जाने.
सौ.ची पावडर संपली. लाकडाच्या रेषा बुजाव्यात म्हणून सुजूने लॅकरमध्ये कालवून चोपडली, सुकल्यावर पॉलिशपेपरने घासत बसली. ती अंघोळीला गेली तेव्हा बोट फिरवून पाहिलं. मोहने गावातल्या कंपनीत सूत तपासण्यात माझा जन्म गेला, खोट असली तर बोटाला लगेच कळते. सापडली नाही.

२३ जाने., रवि.
वैमानिकाच्या डोक्यावरची काच. शर्टाच्या खोक्याचं पारदर्शक झाकण गॅसवर धरून मऊ करायचं आणि लाकडी साच्यावर ओढायचं. एक जळालं, एक सुरकुतलं. शेजारपाजारची खोकी मागून आणली. घरभर वास. संध्याकाळी एक नीट उतरलं. आत खुर्ची, पट्टे, तांदळाएवढी घड्याळं. किती बारीक नजर पोरीची.
'आत कुणी बसवणार नाहीस?'
'नाही. जागा रिकामी ठेवणार.'

२८ जाने.
पत्रा म्हणून सिगरेटच्या पाकिटातली चांदी लागते. कंपनीत सांगून ठेवलं होतं, आज खिसा भरून मिळाली. खात्यातला पाटील म्हणतो, 'साहेब, या वयात सुरू केली?' पोरगी विमान करतेय म्हटल्यावर अर्धं खातं गोळा झालं. बराच वेळ बोलत होतो. सुजू त्या चांदीवर सौ.च्या शिवणाच्या काटेरी चाकाने रिव्हेटच्या रांगा उठवते. सरळ, एका दमात.

६ फेब्रु., रवि.
ठाण्याचं स्थळ येऊन गेलं. मेव्हण्यांनी आणलेलं. मुलगा बँकेत, माणसं सभ्य. मुलाच्या काकांनी विमान पंखाला धरून उचललं, पुढचं चाक मोडलं. सुजू म्हणाली, 'असू दे काका, जोडता येतं. पोटाखाली धरायचं, असं.' पुन्हा त्यांच्याच हातात दिलं. आवाज जरा चढला नाही. तिच्या जागी मी असतो तर...
मग मुलाने विचारलं, 'लग्नानंतरही हे चालू ठेवणार का?'
ती बोलायच्या आत माझ्या तोंडून गेलं, 'आधी तिची हवाई दलातली निवड होते का पाहू. लग्नाचं नंतर.'
सौ. चहा ओतता ओतता थांबली. सुजूने माझ्याकडे पाहिलंच नाही, बशा उचलून आत गेली. मेव्हणे न जेवता गेले. रागावणारच.

७ फेब्रु.
सकाळी सुजूने चाक जोडलं. मी वर भिंग धरून उभा. कंपनीत उशीर झाला.

१६ फेब्रु.
निवडीला बोलावलंय. म्हैसूर, महिनाअखेर. सौ. लाडू वळतेय आणि पदराने डोळे पुसतेय. दोन्ही चालू.

१ मार्च.
संध्याकाळी खालच्या वाण्याकडे सुजूचा फोन. अजून टिकून आहे. बऱ्याच जणी परत गेल्या. मुलाखतीत छंद काय विचारलं म्हणे. नॅटबद्दल बोलायला लागली ती शेवटी साहेबांनीच थांबवलं. उद्या यंत्रावरची परीक्षा. डोळे, हात, पाय, सगळं एकदम चालवायचं. वैमानिक व्हायचं तर ती पास व्हावीच लागते, आणि जन्मात एकदाच देता येते.
'हात कसे आहेत?'
'बरे आहेत बाबा. तुम्ही झोपा नीट.'
सौ.ने फोन ओढून घेतला, जेवलीस का विचारायला. तेवढ्यात लाइन गेली.
उद्याची रजा टाकलीय. वाण्याला सांगून आलो, दुकान लवकर उघड.