विहिरीतल्या चुन्याच्या रेघा

नाना, शुद्धलेखन चुकलं तर रागावू नका. टाइपही हळूहळू होतंय, एकेक अक्षर शोधावं लागतं. मी आता जळगावला, मेहरूणमध्ये आत्याकडे असते. शाळा सुटली म्हणून आत्यानं टाइपिंगच्या क्लासला घातलं. बाई जेवायला गेल्या की मशीन मोकळं असतं.

तुम्ही गेलात तेव्हा मी लहान होते, पण अखजीचा (बाई अक्षय तृतीया म्हणतात) दिवस आठवतो. आम्ही पोरी निंबाला झोका बांधतोय आणि तुम्ही चुन्याचा डबा घेऊन विहिरीत उतरताय. पाणी असेल तिथं दगडावर एक रेघ. दरवर्षी ती मागच्या रेघेच्या खालीच जायची. मग तुम्ही केळीला ठिबकच्या नळ्या आणल्या, गावात पहिल्यांदा. लोक बांधावर उभं राहून हसत होते.

"काय नाना, केळीले सलाईन लाई का? आजारी शे का ती?"

तुम्ही नळी जोडता जोडता म्हणालात, "केळी बरी शे भाऊ. विहीर आजारी शे."

पुढच्या अखजीला रेघ वर आली. तुम्ही आतून एवढ्या जोरात ओरडलात की आई धावत आली, तिला वाटलं पडलात.

तुमच्यामागे शेत तुमच्या भावानं, काकानं पाहिलं. पाणी उरतंय म्हटल्यावर ज्वारी-भुईमुगाच्या जागीही त्यानं केळीच लावली. सगळ्या गावानं तेच केलं. नळ्या घरोघरी आल्या आणि विहिरी आटत गेल्या. मग बोअर, मग शेजाऱ्याचा त्याहून खोल बोअर. आता उन्हाळा लागला की आपल्या विहिरीत गाळावर वीतभर पाणी असतं. आई शेतात, म्हणून टँकरपाशी मीच उभी राहायची. आधी शाळेला उशीर व्हायचा, मग खाडे पडले, मग नावच कमी झालं.

आई एकदा काकाला बोलली, तर तो म्हणे, "नानानीच शिकाडं ना पानी वाचाडानं? वाचनं, म्हनीसन लाई केळी." मी दारामागे होते. तुम्ही पाणी विहिरीसाठी वाचवलं होतं, हे मला माहीत होतं. पण मला लोकांसमोर बोलताच येत नाही. आणि खरं सांगू, तो खोटंही बोलत नव्हता. म्हणून कधी कधी तुमचाच राग येतो, आणि मग स्वतःचा.

परवा अखजीला गावी गेले होते. तुमच्यामागे रेघ आई ओढायची. यंदा तिचे गुडघे दुखतात, म्हणून डबा माझ्याकडे दिला. मी काठावरून पाहिलं. तुमच्या रेघा वर राहिल्यात, त्यांच्याखाली आईच्या, एकीखाली एक, आणि तळाला भेगा. पाणीच नाही तर रेघ कुठं ओढू? डबा न उघडताच परत आले. आईनं विचारलं, "ओढी का रेघ?" मी हो म्हटलं.

हा कागद बाईंना दाखवायचा नाही. घडी करून ठेवते.

नाना, आत्या आत्ता क्लासच्या दारात येऊन सांगून गेली, तुमच्या थोरल्या लेकीला, अक्काला मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत.